लाल दिवा आणि हिरवी पानं

‘मम, प्लीज कीप इट टेस्टफुल.’

मुलाचा हा मेसेज आला तेव्हा मी कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून डबा खात होते. घास हातातच राहिला. टेस्टफुल! हे मला कोण सांगतंय, तर जो स्वतः तीन वर्षं पडद्याऐवजी खिडकीला चादर लावून राहिला.

झालं होतं असं. मुलगा इथे टूवूंबाच्या हॉस्पिटलात फिजिओ आहे आणि त्याने ठरवलेली मुलगी तिथेच नर्स. ती आयर्लंडची. तिची आई पहिल्यांदाच ऑस्ट्रेलियाला आली होती आणि आमच्याकडे पहिल्यांदाच चहाला येणार होती. दिवस ठरला तो नेमका सतरा मार्च, सेंट पॅट्रिक्स डे, त्यांचा सण. मी हौसेने म्हटलं होतं की घर सजवते. त्यावर हा मेसेज. मागोमाग दुसरा आला, ‘नो बलून्स, नो लेप्रकॉन्स.’ लेप्रकॉन म्हणजे तो हिरव्या टोपीतला दाढीवाला बुटका, जो मार्चमध्ये इथल्या प्रत्येक दुकानाच्या काचेवर चिकटलेला असतो. इथवर ठीक होतं. तिसऱ्या मेसेजने मात्र माझं डोकं फिरलं. येशूची ती लाल दिव्याची तसबीर एका दिवसापुरती काढशील का, असं त्यात होतं.

मी तिथल्या तिथे फोन लावला.

“का काढायची?”

“मम, इट्स कॉम्प्लिकेटेड. जस्ट ट्रस्ट मी.”

“लाज वाटते का तुला?”

“नो! तसं नाहीये. प्लीज, एक दिवस फक्त.”

“अरे, आयर्लंडच्या बाईसमोर येशू झाकायचा? त्यांच्याकडूनच तर नन्स आल्या आमच्याकडे. तसबीर हलणार नाही.” आणि मी फोन ठेवला.

आमच्या वसईत घराघरांत येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असते. माझी मला लग्नात मिळालेली. टूवूंबात आलो तेव्हा पहिलं घर भाड्याचं होतं आणि एजंट भिंतीला खिळा मारू देत नव्हता. चार वर्षं येशू मायक्रोवेव्हवर टेकून उभा होता. भाजी गरम करताना मी त्याला ‘जरा सरक’ म्हणायचे. पुढे स्वतःचं घर घेतलं, किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी सामान ट्रकमध्येच होतं, आणि मी नवऱ्याला आधी खिळा मारायला लावला. या घरातला पहिला खिळा तो. खाली लाल बल्ब, दिवसरात्र चालू. मुलाने शाळेचा सगळा अभ्यास त्या उजेडाखाली केलाय. तोच आता सांगतो की काढ.

मला वाटलं, इथे आवडीनिवडीची परीक्षा चाललीय आणि मुलाने मला आधीच नापास केलंय. मग पेटले मी. घर असं सजवायचं की त्याला तोंड उघडायला जागा राहू नये, आणि तसबीर त्याच सजावटीच्या मधोमध राहील.

सजावट मला कुणी शिकवायची गरज नाही. इथल्या चर्चमध्ये मी आले तेव्हा मला व्हॅक्यूम मारण्याच्या यादीत टाकलं होतं. फुलांची यादी वेगळी, तिथे तीच ती आठ नावं. मी दर वर्षी विचारायचे आणि दर वर्षी “सो स्वीट ऑफ यू, लव्ह, पण सध्या भरलंय,” असं उत्तर मिळायचं. सहा वर्षांनी एका उपवासकाळात त्यांचं अडलं. ईस्टरच्या आधीच्या त्या चाळीस दिवसांत वेदीवर फुलं ठेवत नाहीत, आणि फुलांशिवाय करायचं काय हे त्या आठांपैकी कुणाला सुचेना. मी म्हटलं, द्या इकडे. वसईत बागायतदारांच्या घरी वाढलेय मी, नुसत्या पानांवर वेदी उभी करते. त्या रविवारी मिस्सा, म्हणजे आमची सामूहिक उपासना, संपल्यावर लोक वेदीपाशी येऊन पानांना हात लावून बघत होते. तेव्हापासून उपवासकाळ माझा. आणि सतरा मार्च नेहमी उपवासकाळातच पडतो. घरात तसा नियम नसतो, पण या दिवसांत माझा हात फुलांकडे जातच नाही.

नवऱ्याला वाटलं आपणही हातभार लावावा. तो स्वस्ताच्या दुकानातून पिशवीभर माल घेऊन आला. चमकीच्या हिरव्या झालरी, चार प्लास्टिकच्या टोप्या आणि एक फुगवायचा बुटका.

“अगं, सणाला थोडा झगमगाट नको का?”

“गॅरेजमध्ये ठेव. आणि तिथून बाहेर आलेलं मला दिसलं तर तुलाच ती टोपी घालून दारात उभा करीन.”

त्याचा दुसरा बेत लॉनवर फवारणी करण्याचा होता. आमच्या लॉनमध्ये क्लोव्हर माजलंय, म्हणजे तीन-तीन पानांचं बारीक तण. शेजारी-पाजारी त्याच्या नावाने नाक मुरडतात. त्यांची लॉनं जाजमासारखी एकसारखी असतात. नवरा औषधाचा पंप घेऊन निघालेला बघून मी अनवाणी धावले. ज्या पानाचा सण आहे ते पान आपल्या दारात फुकट उगवलंय, आणि हा ते मारायला निघालाय!

हे पान मला वसईपासून ओळखीचं होतं. शाळेत एक म्हाताऱ्या आयरिश सिस्टर आम्हाला क्रोशाचं विणकाम शिकवायच्या. त्यांची आवडती नक्षी तीन पानांची. त्या तिला शॅमरॉक म्हणायच्या आणि आम्ही मुली बेलाचं पान. टाका चुकला की बोटांवर सुई टोचायच्या, आणि बरोबर आला की खिशातून लिमलेटची गोळी काढून द्यायच्या. माझ्या डोळ्यांसमोरचं आयर्लंड ते एवढंच होतं. टोचणाऱ्या आणि गोळ्या देणाऱ्या बायकांचं गाव. तिथला एखादा माणूस येशूवर रुसला असेल हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

सतरा तारखेला मी अर्धी रजा टाकली. टेबलावर पांढरा टेबलक्लॉथ घातला, कडेने मीच विणलेली तीन पानांची किनार. त्यावर औषधाच्या जुन्या बाटल्या, लेबलं भिजवून काढलेल्या, प्रत्येकीत क्लोव्हरची एकेक जुडी. उंची मुद्दाम कमी ठेवली, म्हणजे समोरच्याचा चेहरा झाकला जात नाही. दारात दोन कुंड्या मेडनहेअर फर्नच्या. खिडकीत निळसर निलगिरीच्या फांद्या, आणि बाजूला गडद हिरव्या लिंबाच्या, कारण एकाच हिरव्याने घर निपचित दिसतं, हिरवे चार तरी लागतात. रिबीन नाही, चमकी नाही, कुठे एक अक्षर लिहिलेलं नाही. शेवटी तसबिरीच्या चौकटीवरून आयव्हीची एक वेल सोडली. लाल उजेड पानांवर पडला आणि मी स्वतःशीच म्हटलं, आता बोल म्हणावं.

चारला गाडी आली. मुलगा आत आला, खिडकी पाहिली, टेबल पाहिलं, त्याचा चेहरा खुलला. मग त्याने वर पाहिलं.

“मम, मी सांगितलं होतं.”

“मीही सांगितलं होतं.”

तेवढ्यात मुलीच्या मागोमाग तिच्या आई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, साध्या करड्या स्वेटरमधल्या बाई. बाटल्यांपाशी वाकल्या, तण बघून हसल्या. मग किनार बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, “ही माझ्या आईची नक्षी. तुम्हाला कुणी शिकवली?” मी सिस्टरांचं सांगितलं. “अच्छा, नन्सनी,” एवढंच म्हणाल्या आणि सरळ झाल्या. तेव्हा समोर भिंत आली. बघता बघता त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. “एक्स्क्यूज मी,” म्हणून त्या मागचं दार उघडून पॅटिओवर गेल्या. मुलगी त्यांच्यामागे धावली, पण त्या बाहेरून हाताने नको म्हणाल्यावर परत आली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या घरात, माझ्या देवाला बघून उठून जायचं? मी दोन कप चहा ओतला आणि कुणी अडवायच्या आत बाहेर गेले. माझ्या मनात चार वाक्यं तयार होती.

ती बोलायची वेळच आली नाही. त्या इंग्रजीत बोलल्या, मी माझ्या भाषेत सांगते.

“मुलाला रागावू नका. माझ्या लेकीने त्याला सांगितलं होतं आणि तुम्हाला सांगायचं नाही असं मीच बजावलं होतं. माझी गोष्ट आहे, ती मी सांगेन किंवा नाही सांगणार.”

मी कप पुढे केला. त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

त्यांच्या स्वयंपाकघरात हीच तसबीर होती, असाच लाल दिवा. त्यांची थोरली बहीण सोळाव्या वर्षी गरोदर राहिली. वडिलांनी फादरना बोलावलं आणि त्या दिव्याखाली टेबलाशी बसून ठरवलं. तिला नन्सच्या एका घरात नेऊन सोडलं. मूल झालं ते तिच्याकडून घेतलं, कुणाला दिलं ते आजवर कळलेलं नाही. ती दोन वर्षांनी तिथून सुटली, पण घरी आली नाही. दुसऱ्या गावी कपडे धुण्याच्या कामाला लागली आणि चाळिशीच्या आत गेली.

“आम्ही मात्र रोज संध्याकाळी त्याच दिव्यासमोर गुडघे टेकून, जपमाळ ओढत रोझरी म्हणायचो. तिचं नाव घ्यायची बंदी होती. वडील गेले त्या दिवसापासून मी चर्चची पायरी चढलेली नाही. दर रविवारी दहाच्या मिस्साच्या वेळी मुद्दाम दारावरून जाते, पेपर आणायला. सगळ्यांना दिसलं पाहिजे की मी आत जात नाहीये.”

माझी लिमलेटची गोळी देणारी सिस्टर आठवली आणि पहिल्यांदाच तिच्या सुईची आठवण त्याहून मोठी झाली. मला आता या बाईंचा राग उरला नाही, मुलाचा तर मुळीच नाही. आत जाऊन तसबीर उतरवावी असं एकदा मनात आलं. मग तो खिळा आठवला, मायक्रोवेव्हवरची चार वर्षं आठवली, आणि जे खरं होतं ते मी बोलून टाकलं.

“मला वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. पण मी ती काढणार नाही.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, संपलं, मुलाचं लग्न मोडलं मी.

“नकाच काढू,” त्या म्हणाल्या. “वडिलांनी तिचे सगळे फोटो भिंतीवरून उतरवले होते. कुणाला त्रास नको म्हणून. कुणी काही उतरवायला लागलं की मला श्वास घेता येत नाही.”

आम्ही आत आलो. त्यांनी स्वतःच खुर्ची निवडली, तसबिरीकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड. दीड तास बसल्या. तीन कप चहा प्यायल्या, बटाटवडे खाल्ले, प्रत्येक पानाचं नाव विचारलं. निलगिरीचं पान चुरगळून हुंगलं. एकदाही मागे वळून पाहिलं नाही आणि मीही दिवा बंद केला नाही. लग्न कुठल्या चर्चमध्ये करायचं हा विषय निघाला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “बागेत. मी बागेत येईन.” मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी वडा मोडून तोंडात टाकला. बाग तर बाग, पानं माझीच असणार होती.

जाताना दारात त्यांनी मला मिठी मारली नाही, मीही नाही. हात घट्ट धरला. मुलाने मागे राहून हळूच विचारलं, “यू ओके, मम?” मी म्हटलं, “जा, त्यांना थांबवू नकोस.”

गाडी गेली. नवरा कप गोळा करता करता म्हणाला, “अगं, काढू या का मग? पुढच्या वेळेला बरं.”

“हात लावू नकोस.”

मी तसबिरीसमोर जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं मी येशूपुढे फक्त मागत आले होते. व्हिसा माग, नोकरी माग, घर माग, मुलाचे मार्क माग. त्या दिवशी काही मागितलं नाही. मोठ्याने विचारलं, मराठीत, नवऱ्यासमोर. ती सोळा वर्षांची होती. तू त्या टेबलाच्या वरच होतास. दिवा चालू होता, तुला सगळं दिसत होतं. मग तू काय केलंस?

नवरा कप घेऊन तसाच उभा राहिला.

तसबीर अजून तिथेच आहे. बागेतलं लग्न झालं, सूनबाई घरात वावरते, आणि मुलगा अधूनमधून म्हणतो, आता तरी काढ. मी काढणार नाही. भिंतीवरून उतरवला की येशू जाब द्यायचा सुटला. रोज संध्याकाळी रोझरी झाली की नवरा उठतो, मी बसून राहते, आणि येशूला पुन्हा तेच विचारते.