घासून ठेवलेलं मडकं

मित्रांनो, आज सालेकशाकडच्या एका गावातून रिकाम्या हाताने परतलो.

रात्रभर पाण्यात भिजवलेल्या भाताला इकडे बासी म्हणतात. तिच्या आंबट पाण्यात पोटाला चांगले असलेले जिवाणू मी शोधतो. त्या गावातल्या कुसुमबाईंच्या मडक्यातले सगळ्यांत दमदार निघाले, पण लोडशेडिंगमध्ये फ्रीज बंद पडून नमुना नासला. म्हणून पुन्हा गेलो.

त्यांच्या सासूच्या काळापासून नुसतं विसळलेलं, म्हणूनच जिवाणू मुरलेलं ते मडकं आज राखेने घासून उन्हात पालथं घातलेलं. माझ्यापुढे गरम भात.

"काऊन घासलं जी, बाई?"

"तुमी येऊन राहिले न. साहेबाले शिळं कसं देऊ?"

जेवलो. नमुन्यासाठी नेलेला बर्फाचा डबा तसाच परत आणला. चिडायचंही त्राण नाही, आणि चिडू कुणावर? त्यांना बासीची लाज माझ्यासारख्या साहेबांनीच शिकवली.

पाहुणा येणार म्हटलं की तुम्ही घरातलं काय लपवता?