आप्पांचा हात छातीवरून हलेना

मंडळी, अंदमानातून लिहितोय. सकाळपासून डोकं चालेना, म्हणून तुम्हालाच विचारतो.

दोन वर्षांपूर्वी याच बेटावर आलतो. डायव्हिंगवाले म्हणाले, गळ्यातलं सगळं काढा. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, गळ्यात इष्टलिंग. आम्ही लिंगायत, आमच्यात ते अंगावेगळं करत नसतात. मी माझं पटकन काढून ठेवलं आणि उडी मारली. आप्पा बोटीतच बसून राहिले.

यंदा आप्पाच म्हणाले, "चल, परत जाऊ." बीडचं कापडदुकान चार दिवस बंद ठेवून! कावून, ते कळेना.

आज बोटीवर त्यांनी शिकवणाऱ्या सरांना गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी दाखवली. सर म्हणाले, "सूटच्या आत घट्ट बांधा, काही अडचण नाही." एवढंच! मागच्या वेळी आम्ही विचारलंच नव्हतं.

पाण्याखाली आप्पांचा एक हात सारखा छातीवर. मी खुणेनं विचारलं, ठीक आहे ना? त्यांनी दुसऱ्या हातानं ठीक म्हणून दाखवलं. पिवळ्या माशांचा थवा अंगाजवळून गेला, तरी छातीवरचा हात हलेना.

वर आल्यावर विचारलं, "आप्पा, लई भ्यालात का?"

"न्हाई रे. त्यालाबी दाखवीत होतो." मग माझ्या मोकळ्या गळ्याकडं बघून म्हणाले, "तुझ्याला न्हाई आणलं व्हय?"

माझं हॉटेलच्या कपाटात होतं. मघाशी परत गळ्यात घालायला गेलो, तर हात धजेना.

तुमीच सांगा, त्याला काय सांगू?