रंगरावांची मिशी

भाजी घेऊन येताना थिएटरच्या भिंतीवर पोस्टर दिसलं आणि मी तिथेच थांबले. रेडिओवरच्या विनोदी श्रुतिकेतले भिकोबा आणि रंगराव आता सिनेमात आले होते. रेडिओवर आवाज देणारेच ते दोघे, असं खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. असतील बापडे. पण हे रंगराव सडपातळ आणि मिशीवाले. माझे रंगराव चांगले गोल, घामट, बिनमिशीचे. दर रविवारी तांदूळ निवडता निवडता मी त्यांना पाहत आले होते ना.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "पाहिलं मी पोस्टर. हुबेहूब रंगराव आहेत."

"मिशी होती त्यांना?"

"होती म्हणजे काय? तू काय ऐकत होतीस इतकी वर्षं?"

झालं, माझ्या मनात पाल चुकचुकली. एकाच रेडिओपुढे बसून आम्ही एकाच वाक्याला हसत आलो. मग हे नक्की कुणाला हसत होते? शेजारी बसलेल्या माणसाच्या मनात कोण बसलंय, ते आपल्याला कुठे दिसतं?

शेवटी सिनेमाला गेलो. पडद्यावर ती मिशी बोलायला लागली की मी डोळे मिटून घ्यायचे. लगेच माझे रंगराव हजर. मध्येच संशयानं ह्यांच्याकडे पाहिलं. हे खुदुखुदु हसत होते, डोळे घट्ट मिटून.

"झोपलात का हो?"

"छे गं. रंगराव बघतोय."

कसे दिसतात, ते मी विचारलं नाही.