शुक्रवारी बंद असलेली शाळा
नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली उघडली की त्या उग्र वासासरशी मला तंजावरमधली, नव्वदीच्या दशकातली एक संध्याकाळ आठवते. शहरात नवी ब्यूटी पार्लरे निघत होती आणि एम. ए. होऊनही चाळिशीपर्यंत घरातच राहिलेल्या मला नखे सजवण्याचे काम शिकावेसे वाटू लागले होते. जवळच राहणाऱ्या नणंदेला घेऊन मी हे काम शिकवणाऱ्या दोन शाळा पाहिल्या. बसस्थानकाजवळच्या शाळेतल्या बाई मद्रासला शिकलेल्या होत्या, पण त्यांच्याकडे एकच जागा उरली होती आणि प्रत्यक्ष सराव शुक्रवारी असे. दुसरी शाळा यथातथाच. मात्र शुक्रवारी बंद. आमच्या घरी अम्मांचा, म्हणजे सासूबाईंचा, दंडकच होता: शुक्रवारी नखे कापणे निषिद्ध. जिना उतरताना नणंद म्हणाली, "वैनी, शुक्रवारी नेलकटर धरलात तर अम्मा घरात घेईल काय? दुसरीकडेच जाऊ, दोघी मिळून." माझी एवढी काळजी कुणी केली, या विचाराने मी भारावले. पहिला आठवडा मी तिच्यासाठी शेजारची खुर्ची राखून एकटीच बसले. तिने तापाचे कारण कळवले होते. शुक्रवारी संध्याकाळी ती हळदीकुंकवाला आली. विडा घ्यायला तिने हात पुढे केला, तेव्हा बोटांना हाच वास होता. "अम्माला विचारलं मी," ती शांतपणे म्हणाली, "लोकांची नखं कापली तर दोष नाही म्हणाली. आणि जागा एकच होती ना, वैनी." मी तिच्या हातावर विडा ठेवला. आज माझे स्वतःचे पार्लर आहे. नणंद नखे करून घ्यायला माझ्याकडेच येते. मी तिला शुक्रवारची वेळ कधीच देत नाही.