प्रेमला सिस्टर आणि बाटलीतले बुडबुडे

मंडईच्या मागच्या एका लहान धर्मादाय रुग्णालयात प्रेमला सिस्टरांनी सत्तावीस वर्षं नवजात बाळं सांभाळली. कर्वेनगरहून बसने यायच्या आणि आल्या आल्या आधीच्या पाळीचं सगळं स्वतः तपासायच्या. कोणी म्हटलं, "अहो, आत्ताच बघितलंय," तर म्हणायच्या, "छान. आता मी बघते."

नव्या आलेल्या डॉक्टर तेजस्विनींनी बाळांच्या श्वासासाठी एक साधन आणलं, तेव्हा सिस्टरांनी ते लांबूनच न्याहाळलं. नाकात बसवायच्या दोन मऊ, आखूड नळ्या, त्यांतून हवा आणि ऑक्सिजन, आणि बाहेर येणाऱ्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं. पाण्यात बुडबुडे येताहेत तोवर बाळाच्या फुफ्फुसांना हवेचा हलका दाब मिळतोय, असं समजायचं. घशात नळी घालायची नाही.

"व्हेंटिलेटर परवडत नाही, म्हणून बाटली का?" सिस्टरांनी विचारलं.

"व्हेंटिलेटर लागूच नये, म्हणून," डॉक्टर म्हणाल्या.

उत्तर फार चटकन आलं, असं सिस्टरांना वाटलं. चार वर्षांपूर्वी असंच एक यंत्र आलं होतं. हार झाले, फोटो झाले, आणि महिन्याभरात त्यावर चादर पडली. ही बाईही आपल्या नावावर एखादा शोधनिबंध लावून निघून जाईल, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं.

पहिलं बाळ आलं ते मांजरी गावच्या ऋतुजाचं. आठ आठवडे आधी जन्मलेली, दीड किलोची मुलगी. प्रत्येक श्वासाला कण्हत होती, बरगड्या आत ओढल्या जात होत्या. अशा बाळांना एरवी मोठ्या रुग्णालयात पाठवत. त्यातली दोन वाटेतच गेलेली सिस्टरांना ठाऊक होती. हिला मात्र डॉक्टरांनी इथेच त्या नळ्या लावल्या. ऋतुजा ऑपरेशननंतर वरच्या मजल्यावर होती. बाळांच्या खोलीच्या काचेबाहेर तिचे सासरे सर्जेराव उभे होते.

"ओ सिस्टर, आमच्या नातीवर प्रयोग चाललाय का? खरं सांगा. नाकात नळी अन् पाण्यात बुडबुडं, ही कसली तऱ्हा हाय?"

सिस्टरांनी बाटलीकडे बोट दाखवलं. "ते बुडबुडे थांबले तर काच वाजवा," त्या म्हणाल्या. कुणावरच विश्वास न ठेवणारा माणूस पहाऱ्याला बरा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या चहा घेऊन परतत होत्या, तोच काचेवर थापा पडल्या. "थांबलं! थांबलं!" सर्जेराव ओरडत होते. सिस्टर धावल्या. बाटलीतलं पाणी स्थिर होतं. नळ्या नाकातून निसटल्या होत्या आणि बाळाचे ओठ निळसर पडू लागले होते. त्यांनी नळ्या नीट बसवल्या, हनुवटीखाली बोट धरून तोंड मिटवलं. पाणी पुन्हा खदखदलं. हळूहळू ओठांना रंग आला.

मग त्यांनी नोंदीचा कागद उचलला. छापील 'चार वाजता'पुढे लिहिलेलं : 'बुडबुडे व्यवस्थित.' खाली ड्यूटीवरच्या नर्स उत्कर्षाची सही. घड्याळात तीन पस्तीस झाले होते.

"उत्कर्षा, तुला पुढचंही दिसतं वाटतं?"

उत्कर्षा रडायलाच लागली. दहा बाळं आणि ती एकटी. कागद कोरा राहिला तर बोलणी बसतील, म्हणून तिने तो आधीच भरून ठेवला होता.

डॉक्टर आल्या. त्यांनी कागद वाचला, घड्याळाकडे पाहिलं आणि तडक बाहेर गेल्या. आता काय थाप मारतात ते ऐकायला सिस्टर मागोमाग गेल्या.

"आजोबा, नळ्या निसटल्या तेव्हा आमचं लक्ष नव्हतं. कागदावर मात्र सगळं ठीक लिहिलं होतं. चूक आमची आहे. तुम्ही काच वाजवली नसती, तर उशीर झाला असता."

सर्जेरावांनी काचेतून नातीकडे पाहिलं. "मंग पोरीला हितनं हलवू का?"

"हलवलंत तर वाटेत हा दाब मिळणार नाही. इथे ठेवलंत तर तिच्यापाशी सतत कुणीतरी बसेल."

"कोण बसंल?"

"मी बसते," प्रेमला सिस्टर म्हणाल्या, आणि स्वतःच चमकल्या.

त्या दिवसापासून कागदावर वेळ छापायची बंद झाली. बाटली पाहायची, मग घड्याळ, मगच लिहायचं. उत्कर्षाच्या जोडीला दुपारी आणखी एक नर्स मिळाली, पण त्यासाठी सिस्टरांना तीनदा भांडावं लागलं. सहाव्या दिवशी नळ्या काढल्या. मुलगी आपली आपण श्वास घेत राहिली आणि महिन्याभराने मांजरीला गेली.

"आता पटलं ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"एका बाळावरून? दहा तरी होऊ देत."

वर्षभरात अकरा झाली. नऊ घरी गेली, दोन वाचली नाहीत. त्या दोघांच्या नोंदी सिस्टरांनी पुन्हा पुन्हा वाचल्या, आपलं कुठे चुकलं का ते शोधत. काही सापडलं नाही. त्यावरही त्यांचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.