चार दिवसांची बॅटरी

ही गोष्ट मी ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या निम्म्या मराठी घरांत सांगितली आहे. हातवारे करून, आवाज काढून. लोक हसून हसून सोफ्यावरून घसरले आहेत. आणि तरी खरं काय घडलं ते मी गेल्या महिन्यापर्यंत कोणापाशी बोललो नव्हतो. दोन्ही खरं आहे. कसं, ते सांगतो. जरा दमानं घ्या, मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो. या मुद्द्यावर यायला तर तीन वर्षं लागली.

दुकानापासून सुरुवात करतो. तिथला गाढवपणा निव्वळ माझा आहे, त्यात दुसरं कोणी भरडलं गेलं नाही.

मला ई-सिगारेट घ्यायची होती. आयुष्यातली पहिली. आमची ईशा जन्मली तेव्हा मी मेधाला, म्हणजे बायकोला, शब्द दिला होता की सिगारेट बंद. केलीही बंद — घरात. ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये दिवसाला तीन चालूच राहिल्या, पंधरा वर्षं, आणि प्रत्येकीवर चमचाभर बडीशेप. मेधाला वाटायचं मला पचनाचा त्रास आहे. पुढे जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा कुठेतरी वाचलं की याने सिगारेट सुटते. म्हटलं, बघू या.

ओळखीचं कोणी भेटायला नको म्हणून चाळीस मिनिटं गाडी चालवून भलत्याच गावातलं दुकान गाठलं. गॉगल लावला, टोपी घातली. काउंटरवर हातभर टॅटू काढलेला एक पोरगेला माणूस होता. त्याला मी माझ्या दोन अटी सांगितल्या: नवशिक्याला झेपेल असं दे, आणि बॅटरी पुष्कळ टिकेल असं दे. त्याने तीन नमुने मांडले. पहिला पेनासारखा, नाजूक, खिशात सहज दडेल असा. पण रोज चार्ज करायचा. दुसऱ्याला इतकी बटणं की त्याचं वेगळं ट्रेनिंग घ्यावं लागलं असतं. तिसरा अगदी साधा, एकही बटण नाही, ओढलं की सुरू. फक्त जाडजूड, हॉटेलात मिळते त्या साबणाच्या वडीएवढा. "फोर डेज, इझी," तो म्हणाला. मी तिसरा घेतला.

बॅटरीचं एवढं काय? सांगतो. आमच्या घरात चार्जिंग हे मेधाचं खातं आहे. किचनच्या ओट्यावर चार वायरी, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. तिथे पाचवं काही लागलं की चौकशी समिती बसते. म्हणजे चार्जिंग ऑफिसात, सोमवारी आणि गुरुवारी. चार दिवस टिकलं की झालं. मी पाइपलाइनचे व्हॉल्व्ह डिझाइन करतो हो. गळती कुठून होईल याचा आधी विचार करण्याचाच मला पगार मिळतो.

पैसे देऊन वळलो तर मागून आवाज आला, "टेक केअर, मिस्टर जॅगटॅप!" माझं नाव याला कसं कळलं? गाडीत बसल्यावर प्रकाश पडला. मी मंडळाच्या गणेशोत्सवाचा टी-शर्ट घालून गेलो होतो. पुढे गणपती, पाठीवर वीतभर अक्षरांत 'व्हॉलंटियर — जगताप'.

इथपर्यंत हसलात तर हसा. पुढे मला हसवता येणार नाही.

त्या जूनमध्ये नाना आले. नाना म्हणजे मेधाचे वडील. पंच्याहत्तरीचे, सातारचे, पाटबंधारे खात्यात नोकरी झालेले. मेधाची आई गेल्यानंतर पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. पूर्वी नाना दिवसाला एक पाकीट ओढायचे. मग बायपास झाली. बायपासनंतर दोनच महिन्यांत मेधाने त्यांना बिल्डिंगच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी सिगारेट ओढताना पकडलं. ती खास त्यांच्यासाठी इथून रजा काढून गेली होती. त्यांनी "धरायला दिली होती कुणीतरी" असं सांगितलं. मेधा आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. त्यानंतर मात्र त्यांनी खरोखर सोडली. पण एकदा खोटं बोललेल्या माणसाचं खरं कोण मोजतं? चार वर्षं ते मुलीचा विश्वास चिमटी चिमटीने परत गोळा करत होते. मला हे सगळं माहीत होतं. हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय. मला माहीत होतं.

नानांना खालची गेस्ट रूम दिली. तिला लागून जी बाथरूम आहे तीच माझी जागा होती — जोरदार फॅन, कुंपणाकडे उघडणारी खिडकी. ते यंत्र खिशात मावायचं नाही, फुगवटा दिसायचा. म्हणून सिंकखाली टॉयलेट रोलच्या गठ्ठ्यामागे ठेवायचो. नाना आल्यावर जागा बदलायला हवी होती, नाही का? कंटाळा केला. नाना सकाळी वॉकला गेले की मी आत जायचो.

ऑगस्टमध्ये आमच्या ऑफिसच्या बिल्डिंगचा एसी बंद पडला. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात एसी बंद म्हणजे ऑफिस बंद. आठवडाभर घरून काम. चार दिवसांची बॅटरी मी चोखत चोखत शुक्रवारपर्यंत नेली. शनिवारी सकाळी मेली. गाडीत चार्ज करता आलं असतं, हे माझ्याही लक्षात आलं होतं. पण मेधा माझी गाडी घेऊन ग्रोसरीला गेली होती. नाना वॉकला गेलेले, ईशा झोपलेली. मी नानांच्या बाथरूममध्ये आरशाजवळच्या प्लगला ते लावलं आणि पुढे टिश्यूचा डबा सरकवला. वीस मिनिटांत काढतो म्हटलं. तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला, हॉलच्या बुकिंगचा. मी बॅकयार्डमध्ये येरझाऱ्या घालत बोलत राहिलो. फोनवर बोलायला लागलो की मी कसा बोलतो ते तुम्ही बघताच आहात.

आत आलो तेव्हा डायनिंग टेबलावर ते ठेवलेलं होतं, वायरीसकट. मेधा ग्रोसरीहून परतून धुतलेले टॉवेल ठेवायला तिथे गेली होती.

"हे काय आहे रे? बीपीचं मशीन?" तिने मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत ईशा जिना उतरत म्हणाली, "आई, दॅट्स अ व्हेप. ई-सिगारेट."

मेधाने पहिल्यांदा ईशाकडे पाहिलं. काय नजर होती ती! ईशा किंचाळली, "नॉट माइन! कुठे मिळालं तुला? आजोबांच्या बाथरूममध्ये? देन व्हाय आर यू लुकिंग ॲट मी?"

आणि दार उघडून नाना आत आले. घामाने निथळत, पायांत मुलीने घेऊन दिलेले पांढरे बूट.

त्या क्षणी मला काय वाटलं, सांगू? भीती नव्हती, शरमही नव्हती. हायसं वाटलं. रस्त्यात मोकळी लेन दिसावी तसं.

"नाना, हे काय?" मेधाने विचारलं.

नानांनी ते उचलून उलटसुलट पाहिलं. "थर्मामीटर आहे का गं?"

"नाटक नका करू. या वेळी तरी."

"अगं, माझं नाही हे."

"मग कोणाचं? तुमच्या बाथरूममध्ये चार्जिंगला लावलेलं होतं!"

इथे थांबलो असतो — नुसता गप्प राहिलो असतो — तर निदान भित्रा तरी म्हणता आलं असतं मला. मी गप्प राहिलो नाही. खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "नाना, अहो, या वयात कशाला? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?" समजुतीच्या आवाजात. जावयाने बोलावं तसं, फार मऊ. तो मऊपणा आठवला की अजून मान खाली जाते.

नाना मेधाजवळ गेले. तिच्या डोक्यावर उजवा हात ठेवला. "तुझी शपथ, मेधा. नाही माझं."

मेधाने मनगट धरून तो हात डोक्यावरून खाली केला. "माझी शपथ नका घेऊ," म्हणाली. "पुरे."

मला शांतता सोसत नाही, हा माझा जुना रोग आहे. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "आणि एकदा चार्ज केलं की चार दिवस चालतं हे, म्हणजे सवय वाढतच जाणार…"

चार दिवस चालतं. मला कसं ठाऊक?

मेधा रागात होती, तिच्या कानावरून गेलं. ईशा फोनमध्ये गुंतली होती. नानांनी मात्र मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही — धरणाच्या भिंतीवरची पाण्याची पातळी वाचायला लागतो तेवढाच. मग मेधाला म्हणाले, "बरं. टाकून दे ते." आणि बूट काढायला खाली वाकले. त्यानंतर त्यांनी एकदाही 'माझं नाही' म्हटलं नाही.

का नाही म्हटलं? मी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे होतं?

पुढचे साडेतीन महिने मेधा त्यांच्या शर्टांचा वास घेऊन मगच मशीनमध्ये टाकायची. एकट्याने वॉक बंद झाला. पुण्याला तिच्या भावाला फोन झाला, त्यानेही नानांना ऐकवलं. आणि मी? दहाव्या दिवशी त्याच दुकानात गेलो आणि तोच नमुना घेतला. बॅटरी चांगली होती ना. या वेळी साधा शर्ट घातला होता.

एअरपोर्टवर मी वाकून नमस्कार केला तेव्हा नाना एवढंच म्हणाले, "श्रीकांतराव, तब्येतीला जपा." परत आले नाहीत. "तिकडे करमत नाही," म्हणतात. दर रविवारी फोनवर मेधाचा पहिला प्रश्न, "नाना, ओढत नाही ना?" आणि पलीकडून, "नाही गं." दर रविवारी. मी तिथेच चहा पीत असतो.

आता ती गोष्ट. वर्षभरानंतर एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, सासऱ्यांचे किस्से निघाले आणि माझ्या तोंडून हा निघाला. 'आमच्या नानांचा व्हेप'. थर्मामीटरपाशी हमखास हशा. मग मी मीठमसाला घालत गेलो. नाना बाथरूममधून धुराच्या ढगात बाहेर येतात. नाना दुकानदाराला 'फ्रॉम सातारा' म्हणून ओळख देतात. शपथेचा भाग मी गाळायचो, बॅटरीचाही. मेधासुद्धा हसायची. लोक फर्माईश करायचे. शब्दाखातर धडपडणाऱ्या म्हाताऱ्याला मी खोटारडा ठरवलं आणि वर त्याच्यावर टाळ्या घेतल्या. कारण सांगू? गोष्ट जमली होती.

गेल्या महिन्यात, रविवारी दुपारी, एका घरी जेवायला वीसेक माणसं होतो. फर्माईश झाली, मी सांगितली, लोक हसले. नागपूरहून नुकतीच लग्न होऊन आलेली एक मुलगी तेवढी हसली नाही. वांग्याची भाजी वाढून घेता घेता तिने अगदी सरळ विचारलं, "पण काका, आजोबा दुकानात गेले कसे? मला अजून लायसन्स नाही, तर मी साधं दूध आणायला जाऊ शकत नाही इथे."

तीन वर्षांत हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. आम्ही सगळे गाडीवाले. पायी चालणाऱ्या माणसाला या गावात काडेपेटीसुद्धा मिळत नाही, हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

"अगं, वॉकला त्यांचा एक गोरा मित्र होता…" मी सुरू केलं. तो मित्र तिथल्या तिथे जन्माला आला. मेधा समोर वरण वाढत होती. डाव हवेत थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला दिसलं — ती हिशेब करते आहे. नानांना कुठे कुठे नेलं, कोणी नेलं. प्रत्येक वेळी तिनेच नेलं होतं.

परतताना गाडी तीच चालवत होती. एसीचा आवाज, आणि एकामागून एक हिरवे लागत गेलेले सिग्नल. तिसऱ्या की चौथ्या सिग्नलला मी बोलायला सुरुवात केली. शौर्य म्हणून नव्हे. पकडला गेलो होतो म्हणून. दुकान, टी-शर्ट, गठ्ठ्यामागची जागा, शनिवार, चार दिवस — सगळं सांगितलं. दुसरं यंत्र घेतल्याचंही. नानांना कळलं होतं, हेसुद्धा.

ती रडली नाही, ओरडली नाही. गाडी गॅरेजमध्ये घेतली, इंजिन बंद केलं, मागे गॅरेजचं दार घरघरत खाली आलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते.

"त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता," ती म्हणाली, "आणि मी तो काढला."