धुमालच्या गाडीत लौकी

लॉकडाऊनचा विषय काढायचा नाही, असं आमच्या कंपूत दर वेळी ठरतं. आणि दर वेळी कोणीतरी हळूच म्हणतो, "आठवते का बे, त्या वेळी..." झालं! चहा थंड होतो आणि एकातून दुसरा किस्सा निघत जातो. 

आमचा कंपू म्हणजे रायपूरच्या गुढियारीतली धुमाल पार्टी. धुमाल म्हणजे वरातीपुढचा आमच्याकडचा बाजा. गाडीवर जनरेटर, भोंगे, लायटिंग, कॅसिओ आणि ढोल. आवाज असा की उभ्या माणसाची छाती धडधडली पाहिजे! मालक बबनभाऊ मेश्राम. त्यांचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी नागपूरकडून इथं आले, आणि पोरानं रेल्वे सोडून बाजा धरला. पार्टीचं जेवणखाण, वर्दी, भांडणं, सगळं त्यांच्या बायकोकडे, कुंदावहिनींकडे. ढोलावर तिहारू, अस्सल छत्तीसगढिया. कॅसिओवर मी.

*

लग्नाचा सीझन तोंडावर होता. बबनभाऊंनी गाडीला नवा रंग मारला, पुढच्या काचेवर 'दूल्हे राजा की सवारी' असं झगझगीत लिहून घेतलं. आणि टीव्हीवर सांगितलं, सगळं बंद! दुकानं, गाड्या, लग्नं, सगळं!

"थोड्या दिवसाची गोष्ट आहे," बबनभाऊ म्हणाले आणि गाडीवर ताडपत्री टाकली.

थोडे दिवस संपेचनात. घरातले डबे खाली व्हायला लागले. शेवटी भाजीच्या गाड्यांना परवानगी आहे असं कळलं, तेव्हा भाजी भरायला म्हणून ताडपत्री काढली. आणि वहिनी किंचाळल्याच! मोठ्या भोंग्यात उंदरीण व्यायली होती. आत गुलाबी पिल्लं वळवळत होती, आणि अंथरुणाला तिहारूच्या ढोलाचं कुरतडलेलं कातडं!

तिहारूनं ढोल उचलून आरपार पाहिलं. बबनभाऊ भोंग्यात डोकं घालून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "चला, यंदा आपल्या गाडीनं एकाचा तरी संसार लावून देला!"

*

भाजीची पहिली फेरी. भोंगे तसेच, झालरी तशाच, आणि मधोमध लौकीचा, म्हणजे दुधी भोपळ्याचा ढीग. पहिल्याच चौकात पोलिसानं काठी आडवी केली.

"बारात निकाल रहे हो? इस टाइम पे?"

"नहीं साहब, लौकी है!"

"लौकी? दूल्हा किधर छुपाया है?"

त्यानं खरंच पोत्यांमागं वाकून पाहिलं! आम्ही हात जोडून उभे. मग तो समोर आला, काचेवरची अक्षरं वाचली, बबनभाऊंकडे निरखून पाहिलं आणि मास्क खाली केला.

"मेरी शादी में यही गाड़ी थी ना? तुम्हारे सामने मैं इतना नाचा था कि जूता टूट गया था।"

बबनभाऊ उगाच लौकीचा ढीग सारखा करायला लागले. आमच्या बाजाचा राजा भाजी विकताना सापडला होता, तेही गिऱ्हाइकाला! पोलिसानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"अच्छा, वो वाली लौकी दे दो। बिना दाग की।"

*

पुढे लग्नांना सूट मिळाली, पण पाहुणे मोजकेच. भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यानं आम्हाला बोलावलं. म्हणाला, "आदमी तुम दो ही आना। वर्दी पूरी पार्टी की लाना।"

आम्हाला काही समजेना. मी आणि तिहारू गेलो, तर अंगणात नवरीचे मामा, काका, फूफाजी म्हणजे आतोबा, सगळे रांगेत उभे! आमचे लाल कोट त्यांच्या अंगावर चढले. पाहुणे मोजून घेणार होते, बाजावाल्यांना कोण मोजतो! फूफाजींच्या पोटावर बटन लागेना, तिथं नवं कातडं चढवलेला तिहारूचा ढोल टांगला.

तेवढ्यात तपासणीवाले साहेब हजर.

"बाजावाले इतने सारे?"

"हव साहब, बड़े पार्टी हे!" तिहारू म्हणाला.

"अच्छा? तो बजाओ!"

 फूफाजी सकाळपासून कशावरून तरी रुसून होते. त्यांनी टिपऱ्या उचलल्या आणि ढोल असा बडवला, असा बडवला, की साहेब कानावर हात ठेवून फाटकाबाहेर! साहेब गेले तरी फूफाजी थांबेनात. नवरीचा बाप हात जोडून म्हणाला, "फूफाजी, अब बस कीजिए।"

"काहे का बस? इस घर की किसी शादी में आज तक मुझे कोई काम दिया था?"

अंगणभर टाळ्या! आम्ही दोघं खरे बाजावाले भिंतीला टेकून उभे. तिहारू आपल्या ढोलाकडे बोट करून माझ्या कानात म्हणाला, "ढोल मोर, वर्दी मोर, अउ ताली फूफा ला!"

*

तिहारूनं मग बाजाची आशाच सोडली आणि सिलतऱ्याला एका कारखान्यात लागला. गॅसकटरनं लोखंड कापायचं काम. पहिल्यांदाच महिन्याचा पगार येणार म्हणून तो आम्हाला दर रविवारी ऐकवत होता, "नोकरी ला लकवा नई मारे!"

आणि दुसरी लाट आली. हुकूम निघाला, कारखान्यांचा ऑक्सिजन दवाखान्यांकडे. बरोबरच होतं, माणसं श्वासासाठी तडफडत होती. पण गॅसकटर बंद, आणि तिहारू घरी.

तो संध्याकाळी बबनभाऊंकडे आला, दाराबाहेरच बसला. वहिनींनी लांबून चहा सरकवला. तो कपाकडे पाहत म्हणाला, "पहिली बाजा गिस, भौजी. अब हवा घलो गे."

बाजा गेला होताच, आता हवाही गेली. त्याच्या मोठ्या भावाला त्याच आठवड्यात दवाखान्यात ऑक्सिजन लागला होता. तो वाचला. तिहारूनं नोकरीचं नाव पुन्हा कधी काढलं नाही.

*

त्याच दिवसांत वॉर्डातला एक माणूस बबनभाऊंकडे आला. नवीन हुकूम गल्लोगल्ली ऐकवायचा होता आणि भोंग्याची गाडी पाहिजे होती. किती महिन्यांनी गाडीला गाडीचं काम मिळालं! बबनभाऊंनी गाडी धुतली, इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली. मी अॅम्प्लिफायरवर बसलो. माइक हातात घेतल्यावर त्यांचा आवाज असा खणखणीत लागला की खिडक्या उघडल्या, पोरं गच्चीवर चढली. वॉर्डवाल्यानं हातात कागद दिला.

"सुनिए, सुनिए! सब्जी बाजार बंद रहेगा! शादी केवल घर में होगी! बारात नहीं निकलेगी! बैंड, डीजे, धु..."

आवाज थांबला. मला वाटलं वायर निघाली. मी वर पाहिलं. बबनभाऊ कागदाकडे पाहत उभे होते.

गच्चीवरून एक म्हातारी ओरडली, "आगे बोलो भैया, सुनाई नहीं दिया!"

त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"बैंड, डीजे, धुमाल पर पूरी तरह रोक रहेगी!"

मग प्रत्येक गल्लीत तेच. कुठंच अडखळले नाहीत. शेवटी गाडी आमच्या गल्लीत वळली. कुंदावहिनी हात पुसत दारात आल्या. मी म्हटलं, "भाऊ, इथं राहू द्या."

पण त्यांनी वाचलं. वहिनींकडे न पाहता, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळं वाचलं.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. गाडीजवळ आल्या आणि म्हणाल्या,

"आवाज चांगला येऊन राहिला. उद्या बी बोलावलं का?"